पाटाची रेघ आणि ती आखणारे

इंदापुरात जुनं बांधकाम दाखवा म्हटलं, तर माणसं मालोजीराजांच्या गढीकडे बोट दाखवतात. बारामतीत बाबूजी नाईकांच्या वाड्याकडे. दोन्ही जागा पाहण्यासारख्या आहेत, पण दोन्ही इंग्रजी अंमलाच्या आधीच्या. मुंबईत हायकोर्ट, राजाबाई टॉवर, व्हिक्टोरिया टर्मिनस अशी एकाहून एक उंच दगडी कामं चढत होती, त्या १८६० ते १९०० च्या काळात या दोन तालुक्यांत काय उभं राहिलं, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारला तर उत्तरात एखादी मामलेदार कचेरी, एखादी शाळा, एखादा दवाखाना येतो, आणि विषय संपतो.

खरं तर त्या काळातलं इथलं सगळ्यात मोठं बांधकाम उभं नाहीच, ते आडवं आहे. सुमारे शंभर मैल लांब. वीरजवळ नीरा नदीतून ते निघतं, बारामती शहरातून जातं, सणसर, लासुर्णे करत इंदापूर तालुक्यात शिरतं. त्याच्या भरावावरून रोज मोटारसायकली धावतात, त्याच्या मोऱ्यांखालून ओढे वाहतात, आणि त्याच्याकडे वास्तू म्हणून कुणी पाहत नाही. सरकारी कागदावर त्याचं नाव नीरा डावा कालवा; लोकांच्या तोंडी पाट.

वास्तुकलेच्या पुस्तकांत कालवे येत नाहीत. मला हे पटत नाही, निदान या काळापुरतं तरी नाही. मुंबईच्या मनोऱ्यांवर आणि नीरेच्या पाटावर काम करणारी माणसं एकाच खात्याची होती, बऱ्याचदा एकाच शाळेत शिकलेली होती आणि कधी कधी तीच होती.

ते खातं म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं. १८५४-५५ मध्ये डलहौसीनं त्याची नवी घडी बसवली. त्याआधी लष्करी मंडळाच्या देखरेखीखाली रस्ते-बराकींची कामं चालत. नव्या व्यवस्थेत प्रत्येक इलाख्यात मुख्य अभियंता, त्याच्या हाताखाली प्रत्येक जिल्ह्यात कार्यकारी अभियंता, मग सहायक, ओव्हरसियर, मुकादम अशी उतरंड तयार झाली. या उतरंडीत ‘आर्किटेक्ट’ नावाची पायरी नव्हती. मुंबई सरकारनं सल्लागार आर्किटेक्ट नेमला तो १९०१ मध्ये, जॉन बेग. हिंदुस्थान सरकारनं १९०२ मध्ये जेम्स रॅन्सम. म्हणजे ज्या इमारतींसाठी मुंबई आज जगभर ओळखली जाते, त्यांतल्या बहुतेक सरकारी इमारती हे पद जन्माला येण्याआधीच पुऱ्या झाल्या होत्या.

मग नकाशे काढले कुणी? पुष्कळदा लष्करी इंजिनिअरांनी. सचिवालयाचा नकाशा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या रॉयल इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याचा, आणि पुण्यातल्या डेक्कन कॉलेजचाही त्याचाच. हायकोर्ट जेम्स फुलरचं, तोही लष्करी. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, जेम्स ट्रबशॉनं रेखाटली. १८६४ ला सुरू झालेलं ते काम १८७१ पर्यंत चाललं. लंडनचे नामांकित आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचे नकाशे केले खरे, पण ते स्वतः कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. नकाशे बोटीनं आले, आणि ते दगडात उतरवणं इथल्या खात्याच्या अंगावर पडलं.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याला जवळची. बाथ शहरात एका आर्किटेक्टकडे उमेदवारी करून तो १८६७ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला आला, आणि त्याची पहिली नेमणूक पुण्यात झाली. पुढे मुंबईला बदली झाली आणि व्हिक्टोरिया टर्मिनस त्याच्या नावावर जमा झालं. तो पुण्यातच राहिला असता तर त्याच्या वाट्याला काय आलं असतं, याची कल्पना करायला हरकत नाही. बहुधा रस्ते, पूल, तुरुंगाची भिंत, आणि १८७६ नंतर दुष्काळी कामं.

संस्थानांत चित्र वेगळं होतं. कोल्हापूरला मेजर चार्ल्स मँटनं टाउन हॉल बांधला, मग १८७७ ते १८८४ या काळात नवा राजवाडा उभा राहिला. मँट हाही रॉयल इंजिनिअर्सचाच, पण राजाश्रयामुळे त्याला कमानी, छत्र्या, घुमट यांची हौस पुरवता आली. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. १८८१ मध्ये तो वारला, आणि तो वाडा रॉबर्ट चिझम यांनी पुरा केला. १८७७ हे साल लक्षात ठेवावं. कोल्हापुरात राजवाड्याचं काम सुरू होत होतं, त्याच वर्षी त्याच खात्याच्या शिस्तीत तयार झालेले दुसरे इंजिनिअर नीरेकाठी उपाशी माणसांकडून माती उपसून घेत होते.

*

कालवा का निघाला हे समजायला दोन वर्षं मागं जावं लागतं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं फोडली आणि कर्जरोखे जाळले. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे. दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी आयोग बसला. त्याचा अहवाल सरकारदरबारी फिरतोय तोवर १८७६ चा पाऊस फसला. पुण्याच्या पूर्वेकडचा हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. इंदापुरात वर्षाची सरासरी वीस इंचांच्या आसपास, आणि ती सरासरीही फसवी. एखादं साल बरं जातं, पुढची दोन कोरडी जातात.

इंदापूरला सरकारी प्रयोगांची सवय मात्र जुनी होती. प्रिंगलची जमीनमोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात रयतवारी आकारणीची जी नवी पद्धत बसवली, तिची सुरुवात याच तालुक्यात झाली. पुढं ती इलाखाभर गेली. साखळी आणि शंकू घेऊन शेताशेतातून फिरणारा सरकारी माणूस इथल्या लोकांनी चाळीस वर्षं आधीच पाहिला होता. आता आला तो लेव्हलची दुर्बीण आणि रंगवलेली पट्टी घेऊन.

दख्खनच्या नद्यांवर साठवणीची तळी बांधून कालवे काढावेत, ही कल्पना कर्नल फाइफ या इंजिनिअरनं १८६० च्या दशकातच लावून धरली होती. खडकवासल्याचं धरण आणि मुठा कालवे हे तिचं पहिलं मोठं फळ. दुष्काळ पडल्यावर नीरेची योजना कपाटातून बाहेर आली. सरकारच्या दृष्टीनं तिचा दुहेरी उपयोग होता: आज लोकांना काम, उद्या पिकांना पाणी. शिरसुफळ आणि भादलवाडीसारखे तलावही त्याच दुष्काळाच्या वर्षांतले. भादलवाडीच्या तलावावर आता चित्रबलाकांची वीण होते आणि भिगवणला येणारे पक्षीनिरीक्षक तिथेही डोकावून जातात. बंधारा कुणी आणि कशासाठी घातला हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं.

आता त्या रेघेविषयी. कालवा आखणं म्हणजे काय, तर डोंगरउतारावर एक अशी रेघ शोधणं की जिच्यावरून पाणी आपोआप, पण सावकाश उतरेल. नदी मैलामागे जितकी उतरते त्याहून कालवा पुष्कळ कमी उतरला पाहिजे. उतार जास्त झाला तर पाणी माती खरवडून नेतं. कमी झाला तर गाळ बसतो आणि गवत माजतं. नदी खाली खाली जाते, कालवा वर राहतो, आणि दोघांमधलं अंतर जसजसं पुढं जावं तसतसं रुंदावत जातं. त्या मधल्या पट्ट्याला पाणी मिळतं. रेघेच्या वरच्या अंगाला नाही, कारण पाणी चढत नाही.

ही आखणी करणाऱ्यानं कागदावर वळणावळणाची समपातळी रेषा काढली तेव्हा त्याच्यासमोर प्रश्न तांत्रिक होता: ओढा कुठं ओलांडायचा, टेकाड कापायचं की वळसा घालायचा, भराव किती, खोदाई किती, खर्च किती. पण त्या रेघेनं पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांची बारामती ठरवली. बागायत आणि जिरायत हे या भागात नुसते शेतीचे प्रकार नाहीत. सोयरीक कुठं करायची इथपासून निवडणुकीत कोण काय बोलणार इथपर्यंत ते पोचतात. आणि ज्या सुप्यातून सगळं सुरू झालं, ते सुपं रेघेच्या वर राहिलं. ज्यांनी रोखे जाळले त्यांच्या शिवाराला या पाटाचं पाणी मिळालं नाही. यात कुणाचा डाव नव्हता, जमिनीची उंचीच तशी होती. पण राजवाड्याचा दिवाणखाना कुठल्या दिशेला असावा हे ठरवणाऱ्याला आपण वास्तुकार म्हणतो. मग शंभर मैलांची ही रेघ ठरवणाऱ्याला काय म्हणायचं?

वाटेतल्या प्रत्येक ओढ्यावर बांधकाम आलं. ओढा खोल असेल तर कालवा कमानींवरून पलीकडे न्यायचा. ओढा उंचावर असेल तर त्यालाच कालव्याच्या डोक्यावरून जाऊ द्यायचं. लहान असेल तर भरावाखालून मोरी काढायची. काळ्या दगडाच्या या कमानी साध्या आहेत, नक्षी नाही, पण दरजा जुळवलेल्या आणि कमानीचे दगड नीट घडवलेले. पुणे-सोलापूर रेल्वेचे पूल याच्या आधीचे. गाडी डिकसळपर्यंत १८५८ च्या अखेरीसच आली होती, आणि भीमेवर दगडी पूल बांधणाऱ्या रेल्वेनं या भागातल्या गवंड्यांना मोठ्या कमानीची सवय करून दिली होती. लेव्हलिंग, पाया, कमान, चुना या गोष्टी कालव्याच्या वेळी नव्यानं शिकवाव्या लागल्या नाहीत.

*

पावसाळ्यात नीरा भरून वाहते आणि मार्चमध्ये तिच्यात चालत जाता येतं. म्हणून नुसता कालवा काढून भागत नव्हतं, वर साठा हवा होता. तो साठा केला भाटघरला, नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर. ही जागा भोर संस्थानात. म्हणजे पाणी साठलं पंतसचिवांच्या मुलखात आणि पिकलं इंग्रजांच्या मुलखात. धरणाचं काम १८८१ च्या सुमारास सुरू झालं आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला संपलं. कालव्याला पाणी १८८५ च्या सुमारास सुटलं होतं. धरणाची लांबी चार हजार फुटांहून थोडी जास्त, उंची सव्वाशे फुटांच्या घरात. ते बांधणारा कार्यकारी अभियंता जे. ई. व्हायटिंग, आणि तलावाला त्याचंच नाव मिळालं: लेक व्हायटिंग.

धरणाचा छेद कसा असावा हा प्रश्न तेव्हा जगभर ताजा होता. शेकडो वर्षं धरणं अंदाजानं जाड बांधली जात. १८५३ नंतर फ्रेंच इंजिनिअरांनी गणितानं विचार सुरू केला, आणि सेंत एतियनजवळचं फ्युरां नदीवरचं धरण १८६६ मध्ये त्या गणिताप्रमाणे उभं केलं. त्यानंतरचा महत्त्वाचा कागद थेट मुंबईशी जोडलेला आहे. मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन हेक्टर टुलक शहराला पाणी आणण्यासाठी धरणांचा विचार करत होते. त्यांनी ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांचा सल्ला मागितला. रँकिन यांचा अहवाल १८७२ च्या जानेवारीत छापून आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले, पण दगडी धरण बांधणाऱ्या कुणाही इंजिनिअरला तो अहवाल वाचल्याशिवाय पुढे जाता येईना.

त्यातला गाभा समजायला सोपा आहे. धरणावर दोन जोर असतात. त्याचं स्वतःचं वजन सरळ खाली जातं. पाण्याचा रेटा आडवा असतो, आणि तळाकडे तो वाढत जातो. दोन्ही मिळून एक तिरपा जोर तयार होतो. तो पायाच्या मधल्या एक तृतीयांश भागात उतरला पाहिजे. त्याच्या बाहेर गेला तर पाण्याकडच्या बाजूला दगड एकमेकांपासून ओढले जाऊ लागतात. चुन्यातलं बांधकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. तिथं तडा जातो आणि तड्यात पाणी शिरतं. वादळी वाऱ्यात उभा माणूस जसा मागचा पाय लांब रोवतो, तसं धरणाला पाण्याच्या उलट बाजूला पसरावं लागतं. तलाव रिकामा असतानाही हाच नियम पाळला गेला पाहिजे, नाहीतर उलट बाजूला ताण येतो. या दोन अटींतून तो ओळखीचा छेद तयार होतो: पाण्याकडे जवळजवळ उभा, मागं वळण घेत रुंदावणारा.

खडकवासल्याचं धरण या अहवालाच्या आधी सुरू झालं होतं. त्याला पुढं मागच्या बाजूनं मातीचा भराव घालून टेकू द्यावा लागला. भाटघर त्यानंतरचं, आणि मुंबईसाठी बांधलेलं तानसा साधारण भाटघरच्याच काळातलं. दोघांच्या अंगात हे नवं गणित उतरलं आहे. गणितात एक उणीव राहिली होती. पायाखाली मुरलेलं पाणी धरणाला खालून वर ढकलतं, याचा हिशेब कुणी धरला नव्हता. १८९५ मध्ये फ्रान्समधलं बूझीचं धरण फुटून ऐंशीहून जास्त माणसं मेली तेव्हा तो धडा जगाला मिळाला. भाटघर तोवर बांधून झालं होतं. ते टिकलं, यात खाली लागलेल्या अखंड काळ्या कातळाचा वाटा मोठा.

भाटघरचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे सांडव्यावरचे आपोआप उघडणारे दरवाजे. ई. के. रायनोल्ड या इंजिनिअरची ही युक्ती. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की वजन आणि तरंगण्याच्या तत्त्वावर दरवाजा आपणहून हलतो. मध्यरात्री पुराच्या वेळी कुणाला चाक फिरवायला धावावं लागत नाही. स्वयंचलित दरवाजे म्हटलं की आपल्याला विश्वेश्वरय्या आठवतात, आणि १९०३ मध्ये त्यांनी खडकवासल्याला बसवलेले दरवाजे प्रसिद्धही आहेत. या भागात मात्र अशा दरवाजांची कहाणी त्यांच्याही आधी सुरू झाली होती.

आता चुना. सिमेंट तेव्हा विलायतेहून पिंपांत भरून यायचं आणि ते धरणात ओतणं परवडणारं नव्हतं. सगळा भार चुन्यावर. पण साधा कळीचा चुना हवेत वाळून घट्ट होतो. पाण्याखाली तो ढिलाच राहतो. चुन्याच्या दगडात मातीचा योग्य अंश असेल तर भाजल्यावर त्याला पाण्यातही घट्ट होण्याचा गुण येतो. असे चुनखडीचे गोटे दख्खनच्या काळ्या रानात आणि ओढ्यांच्या काठी हवे तेवढे सापडतात. शेतकरी ज्यांना नांगराखाली आले म्हणून शिव्या घालतो, त्यांच्यावर ही धरणं उभी आहेत. ते वेचायचे, भट्टीत भाजायचे, मग गोल चरात बैलांच्या घाणीवर दगडी चाकाखाली वाळूबरोबर दळायचे. चुना किती दळला यावर बांधकामाचं आयुष्य ठरे, आणि ओव्हरसियरची निम्मी नजर घाणीवर असे. कारण चोरी तिथंच सोपी.

*

हे सगळं केलं कुणी? मातीकाम दुष्काळपीडितांनी. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल व्हाइसरॉयचे दूत म्हणून आले आणि दुष्काळी कामांवरची मजुरी एका पौंड धान्याच्या हिशेबानं कमी करण्यात आली. मुंबई इलाख्यात लोकांनी कामं सोडून संप केले. उपाशी माणसांनी मजुरीसाठी केलेला संप. पुण्याची सार्वजनिक सभा गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकारानं सरकारला आकडेवारीसह अर्जांवर अर्ज धाडत होती. नीरेच्या भरावाची माती या वादाच्या मधोमध पडत होती, हे भरावावर उभं राहिल्यावर विसरता येत नाही.

दगडाचं काम मात्र भुकेच्या जोरावर होत नाही. त्याला पाथरवट लागतात, गवंडी लागतात, आणि लागतात वडार. मातीवडार खोदाई-भराव करी, गाडीवडार दगड काढून वाही. सुतकी, छन्नी, पहार, घण, आणि सुरुंगाची दारू. त्यांची पालं काम असेल तिथं पडत आणि काम संपलं की उठत. मुंबईत याच प्रकारच्या कामांवर तेलुगू कामाठी समाजातले ठेकेदार मोठे झाले आणि त्यांतल्या काहींनी सत्यशोधक समाजाला पैशाचं पाठबळ दिलं.

जोतीराव फुले स्वतः ठेकेदार होते, हे आपण वाचतो आणि पुढे सरकतो. खडकवासल्याच्या कामाला त्यांनी माल पुरवला, तिथं मजुरांवर देखरेख केली. बांधकाम खात्यात मोजमापाच्या वहीत काय लिहिलं जातं आणि प्रत्यक्ष किती खोदलं जातं, यातला फरक त्यांनी जवळून पाहिला होता. ‘गुलामगिरी’त इंजिनिअरिंग खात्यातल्या अंमलदारांवर त्यांनी ओढलेले कोरडे त्या अनुभवातून आले आहेत. भाटघरचं काम चालू असतानाच, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. त्यात ते सरकारला सांगतात की फौजेतले आणि पोलिसांतले शिपाई कामाला लावून शिवारात जागोजागी बांध-बंधारे घालावेत, म्हणजे डोंगरावरचं सत्त्व वाहून न जाता शेतात मुरेल. एका मोठ्या धरणाऐवजी हजार लहान बंधारे. रेघेच्या वर राहिलेल्या गावांना हाच उपाय लागू होता. सरकारनं तेव्हा ऐकलं नाही. हाच मुद्दा पाणलोटाच्या कामांच्या नावानं परत आला तो पुढच्या शतकात.

फुल्यांचं आणि पुण्याच्या सगळ्यात देखण्या बाजाराचं नातंही गमतीचं आहे. नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी नव्या मंडईवर एवढा खर्च करायला विरोध केला. तो पैसा शिक्षणावर जावा असं त्यांचं म्हणणं. मंडई झालीच. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती उघडली. आराखड्यात वॉल्टर ड्युकॅट या इंजिनिअरचा हात, आणि प्रत्यक्ष बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. तिच्यावर आज नाव आहे महात्मा फुल्यांचं.

कानिटकरांसारखी एतद्देशीय नावं या काळात हळूहळू दिसू लागतात. त्यामागं पुण्यातली एक शाळा आहे. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. त्याच्या इमारतीची कोनशिला १८६५ मध्ये बार्टल फ्रियरनं बसवली. ती आजही संगमाजवळ उभी आहे. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये तिथून पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. नकाशावर सही साहेबाची. रोज उन्हात उभं राहून दगड नाकारणारी किंवा पास करणारी माणसं ही.

तालुक्याच्या गावी तर नकाशावर सहीसुद्धा जिवंत माणसाची वाटत नसे. शाळा, पोलीस लाइन, चावडी, मुसाफरी बंगला यांचे ठरावीक नमुने खात्याकडे तयार असत. जागा मोजायची, नमुना बसवायचा, दरपत्रकाप्रमाणे अंदाजपत्रक करायचं, मंजुरी आणायची. म्हणून इंदापूरची जुनी सरकारी इमारत आणि शेजारच्या जिल्ह्यातली जुनी सरकारी इमारत सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. पाटावरचे बंगले मला त्यांतल्या त्यात आवडतात. उंच जोतं, चारही बाजूंनी खोल व्हरांडा, जाड काळ्या दगडाच्या भिंती, छताजवळ हवा जायला झरोके, वर कौलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं घोड्यावरून पाट पाहत यावं, मुक्काम करावा, पाटकऱ्यांच्या वह्या तपासाव्यात आणि सकाळी पुढं जावं, या गरजेतून ते निघाले. एप्रिलच्या दुपारी त्यांच्या व्हरांड्यात बसलं की पंखा लागत नाही. त्यानंतरच्या कितीतरी सरकारी काँक्रीटच्या डब्यांना हे जमलेलं नाही.

*

कालवा झाला म्हणून लगेच ऊस डोलू लागला असं नाही. सुरुवातीची वर्षं पाण्याला मागणी बेताचीच होती. पट्टी भरायची, जमीन सपाट करायची, खत घालायचं, एवढं भांडवल सुप्याच्या दंग्यानंतरच्या शेतकऱ्याकडे नव्हतं. साल बरं गेलं की तो पावसावर भागवी. दुष्काळ पडला की सगळे एकदम दारावर. सासवडकडचे माळी इथं येऊन खंडानं जमिनी करू लागले, गुळाची गुऱ्हाळं लागली, तेव्हा पाटाला खरं गिऱ्हाईक मिळालं.

आणि मग आखणीतली उणीव वर आली. काळ्या जमिनीत पाणी सोडायची सोय झाली होती, मुरलेलं पाणी काढून द्यायची नव्हती. पाझर आणि बेसुमार भिजवण यांनी भूजल वर चढलं, त्याबरोबर क्षार वर आले, आणि नदीकाठच्या चांगल्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे या दोघांनी नीरा खोऱ्यातल्या या खारपड जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये पुस्तिका काढली. पाण्याच्या वाटपाचा प्रश्न त्याआधीच विश्वेश्वरय्यांच्या पुढ्यात आला होता. त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली: ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, त्यांना काही वर्षांची हमी द्यायची, त्यातल्या एक तृतीयांशावर ऊस आणि उरलेल्यावर कमी पाण्याची पिकं, म्हणजे पाणी थोड्या गावांत न मुरता पुढं जाईल. आधी पुष्कळ कुरकुर झाली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ती चालू झाली.

व्हायटिंगचं धरण मात्र आता पाहायला मिळत नाही. साठा अपुरा पडू लागला तेव्हा त्याच्याजवळच खालच्या अंगाला नवं, बरंच उंच लॉइड धरण बांधलं गेलं. ते १९२८ च्या सुमारास पुरं झालं, आणि त्याच्या पाण्यात जुनं धरण बुडालं. नव्या पाण्यावर उजवा कालवाही निघाला, आणि कळंबजवळ १९३० च्या दशकात वालचंदनगर वसलं. डाव्या कालव्याची रेघ जिथं होती तिथंच राहिली. तिच्या वरच्या अंगाची गावं अजून उपसा योजना मागतात, आणि शेपटाकडचा इंदापूरचा शेतकरी आवर्तन सुटलं की पहिला प्रश्न विचारतो तो वरच्या दारांतून किती पाणी गेलं याचा.